एमएचटी-सीईटीनंतर (राज्याच्या इंजिनिअरिंग वगैरेच्या प्रवेश परीक्षेनंतर) मित्रांशी उत्तरं जुळवून पर्सेंटाइलचा अंदाज येतो का?

नाही येत. आधी विचारा, मित्राची शिफ्ट कोणती? वेगळी असेल तर पेपरच वेगळा, जुळवणार काय! आम्ही नागपूरच्या उन्हात सेंटरसमोरच्या रसवंतीवर ‘त्या इंटिग्रेशनचं उत्तर शून्यच’ म्हणून तासभर भांडलो. ग्लासातला बर्फ विरघळल्यावर कळलं, एकाचा पेपर आदल्या दिवशीचा होता.

पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) गटाला गणिताचे 50 प्रश्न 2-2 गुणांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे 1-1. निगेटिव्ह मार्किंग नाही. पण पर्सेंटाइल ठरतो तुमच्या शिफ्टमधल्या इतरांच्या तुलनेत, त्यामुळे नुसत्या गुणांवरून तो सांगता येत नाही. परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या लॉगिनमध्ये तुमची उत्तरं अन् उत्तरतालिका येते, तेव्हा जुळवा. तालिकाच चुकली वाटली तर फी भरून आक्षेप घेता येतो.