शाळेच्या ओपन हाउसला जाताना

(वाचकांचे प्रश्न)

प्रवेशाचे दिवस जवळ आल्यामुळे खाजगी शाळा व महाविद्यालयांच्या ओपन हाउसविषयी, म्हणजे पालकांना संस्था पाहण्यासाठी बोलावले जाते त्या कार्यक्रमाविषयी, आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : आदरणीय बाई, आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. मुलीची सध्याची शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे जूनमध्ये तिला पाचवीसाठी दुसरीकडे घालावे लागेल. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता या भागांतील दोन खाजगी इंग्रजी शाळांनी पालकांना रविवारी ओपन हाउससाठी बोलावले आहे. त्यांपैकी एका शाळेच्या फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ असे लिहिलेले आहे. माझ्या जाऊबाईंनी अशाच एका कार्यक्रमात इमारत पाहून मुलाचा प्रवेश निश्चित केला आणि नंतर वर्षभरात वर्गशिक्षिका तीन वेळा बदलल्या. अशा कार्यक्रमाला जाण्याचा खरोखर उपयोग होतो का, आणि गेल्यास काय पाहावे?

उत्तर : अवश्य जा, शक्यतो दोघेही जा आणि मुलीलाही बरोबर न्या. मात्र घरातून निघण्यापूर्वी एक काम करा. ‘सीबीएसई पॅटर्न’ या शब्दांना मान्यतेच्या दृष्टीने काहीही अर्थ नाही. शाळा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी (सीबीएसई) संलग्न असते किंवा नसते, आणि संलग्न शाळांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. संलग्न शाळेला आपल्या संकेतस्थळावर संलग्नता क्रमांक, अग्निसुरक्षा प्रमाणपत्र, शिक्षकांची संख्या, शुल्क आणि मागील निकाल जाहीर करावे लागतात. संलग्नता नसेल, तर मुलगी नववीत जाईल तेव्हा तिची मंडळाकडे नोंदणी कोणत्या शाळेच्या नावावर होईल, हा प्रश्न आजच विचारायला हवा. शाळा राज्य मंडळाची असेल तर तिचा 11 अंकी यूडायस क्रमांक (शासनाकडील शाळेचा ओळख क्रमांक) आणि शासनमान्यतेचा आदेश कोणत्या इयत्तेपर्यंतचा आहे, हे पाहावे. अनेकदा मान्यता सातवीपर्यंत असते आणि जाहिरातीत मात्र दहावीचा उल्लेख असतो.

ओपन हाउसच्या दिवशी शाळा नटलेली असते, यात काही गैर नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर आपणही घर आवरतोच. पण सभागृहातील चित्रफीत आणि भाषण यांत दोन तास घालवून परतलात, तर हाती माहितीपत्रकाखेरीज काही लागणार नाही. भाषण संपताच वर्गांकडे वळा. भिंतीवरचे तक्ते पाहण्यापेक्षा पाचवीच्या एखाद्या मुलाची रोजची गणिताची आणि निबंधाची वही पाहायला मागा. वहीत चूक कशी दाखवली आहे, मुलाने ती पुन्हा सोडवली आहे का, की प्रत्येक पानावर केवळ लाल खूण आणि स्वाक्षरी आहे, यावरून त्या वर्गात शिकवणे कसे चालते ते पुष्कळ समजते. चांगल्या शाळेला अशी वही दाखवताना संकोच वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या जाऊबाईंच्या बाबतीत जे घडले, त्याविषयीचा प्रश्न थेट शिक्षकांनाच विचारावा. ‘आपण या शाळेत किती वर्षे आहात?’ हे विचारण्यात उद्धटपणा नाही. पाचवीला शिकवणाऱ्या चार-पाच शिक्षकांना हा प्रश्न विचारल्यावर बहुतेक जण याच वर्षी रुजू झालेले आढळले, तर मुख्याध्यापकांकडे त्याचे कारण विचारावे. शाळा नवी असणे हे समजण्यासारखे कारण आहे. दरवर्षी शिक्षक सोडून जात असतील, तर इमारत कितीही देखणी असली तरी मी तेथे मूल घालणार नाही. तुकडीत किती मुले आहेत, हेही विचारा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाण ठरवून दिले आहे.

आपल्या सोलापूरला आणखी दोन गोष्टी काटेकोरपणे पाहाव्या लागतात, आणि माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख क्वचितच असतो. पहिली पाण्याची. शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, त्यामुळे शाळेने पाणी कशात साठवले आहे, टाकी केव्हा धुतली जाते, पिण्याचे पाणी बोअरचे आहे की नळाचे आणि मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारी पाणी असते का, हे स्वतः जाऊन पाहा. स्वच्छतागृह अस्वच्छ असल्यामुळे दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी फार पाहिल्या आहेत आणि त्याचे दुष्परिणाम त्यांच्या प्रकृतीवर होतात. दुसरी गोष्ट उन्हाची. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत कोणताही वर्ग सुखाचा वाटतो. एप्रिलमध्ये पारा 40 अंशांच्या पुढे गेल्यावर वरच्या मजल्यावरच्या पत्र्याखाली काय होत असेल, याचा विचार करा. उन्हाळ्यात शाळेची वेळ काय असते आणि वीज गेल्यास पंखे चालतात का, हे विचारून ठेवा. मुलगी बसने जाणार असेल तर त्यात महिला मदतनीस असते का आणि शालेय परिवहन समितीत पालक प्रतिनिधी कोण आहेत, तेही विचारा.

शुल्काविषयी तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. प्रवेश शुल्क, सत्र शुल्क, संगणक, सहली, गणवेश, बस अशा सर्व बाबींचा तपशील लेखी मागा. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शाळेने सुचवलेले शुल्क शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठेवून तिची मान्यता घ्यावी लागते आणि ठरलेले शुल्क दोन वर्षे बंधनकारक असते. त्यामुळे हे शुल्क समितीने केव्हा मान्य केले, हा तुमचा रास्त प्रश्न आहे. देणगी मागितली गेली तर लक्षात ठेवा, शिक्षण हक्क कायद्याच्या 13 व्या कलमाने कॅपिटेशन शुल्कावर, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त घेतलेल्या रकमेवर, बंदी घातली असून त्यासाठी त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेण्यासही त्याच कलमाने मनाई आहे; त्या कार्यक्रमात ‘सहज गप्पा’ म्हणून मुलीला वेगळे बसवून प्रश्न विचारले जात असतील, तर तुम्ही नम्रपणे नकार देऊ शकता.

आणि त्याच दिवशी पैसे भरू नका. ‘आज नोंदणी केल्यास सवलत’ असे कोणी म्हटले तरी आठ दिवस मागून घ्या. त्या आठवड्यात एखाद्या कामाच्या दिवशी शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी उभे राहा. तेथे मुलांना न्यायला आलेल्या सहावी-सातवीच्या पालकांशी बोललात, तर मूल आजारी पडले तेव्हा शाळेने काय केले, तक्रार कोण ऐकते आणि खाजगी शिकवणी लावावी लागते का, हे कळेल.

प्रश्न : बाई, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझे पती यंत्रमागावर कामाला आहेत आणि घरात आम्ही तेलुगू बोलतो. मुलाला पहिलीसाठी खाजगी शाळेत घालावे, असे मनात आहे. पण ओपन हाउसला सगळे इंग्रजीत बोलतात, म्हणून जायला भीती वाटते. आमच्यासारख्यांनी जावे का?

उत्तर : जावे, आणि मराठीतच बोलावे. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे पिढ्यानपिढ्या शेजारी नांदत आहेत, आणि येथे शाळा चालवणाऱ्याने पालकाशी त्याला कळेल अशा भाषेत बोललेच पाहिजे. तुमचा प्रश्न ऐकून समोरची व्यक्ती थांबून समजावून सांगते की नजर दुसरीकडे वळवते, हे नीट पाहा. तुमच्या मुलाला पहिल्या महिन्यात वर्गात कसे वागवले जाईल, याचा अंदाज त्यातून येईल. घरी इंग्रजी नसलेल्या मुलांना सुरुवातीला कोण मदत करते, हे स्पष्ट विचारा. राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे 2020 च्या कायद्याने सक्तीचे आहे, म्हणून आठवड्यात मराठीच्या किती तासिका असतात, तेही विचारा.

आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. विनाअनुदानित खाजगी शाळांत ज्या वर्गापासून प्रवेश सुरू होतात, त्या वर्गातील 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव असतात. त्यांचे अर्ज शासनाच्या संकेतस्थळावर भरले जातात आणि निवड सोडतीने होते. दुर्बल घटकासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 1 लाख रुपयांपर्यंत असावे लागते आणि घरापासून शाळेचे अंतरही पाहिले जाते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा आणि जन्मदाखला आताच तयार ठेवा, कारण तहसील कार्यालयात ऐन वेळी गर्दी होते. या प्रवेशासाठी ओपन हाउसला हजर राहण्याची अट कोणीही घालू शकत नाही.

प्रश्न : मुलाला बारावीनंतर अभियांत्रिकीला जायचे आहे. एका खाजगी महाविद्यालयाच्या ओपन डेला गेलो असता तेथे जागा राखून ठेवण्यासाठी मूळ गुणपत्रिका आणि रक्कम जमा करण्यास सांगण्यात आले. काय करावे?

उत्तर : दोन्ही देऊ नयेत. अभियांत्रिकीचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या फेऱ्यांतून होतात आणि महाविद्यालयाच्या स्तरावर भरल्या जाणाऱ्या जागांनाही गुणवत्तेचा नियम लागू असतो. प्रत्येक महाविद्यालयाचे मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. माहितीपत्रकातील आकड्याशी ते ताडून पाहा. पुन्हा गेलात तर प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक चालू असताना जा, आणि नोकरी मिळालेल्यांचा आकडा सांगितला की त्या वर्षी शाखेत एकूण किती विद्यार्थी होते ते विचारा. तपासणीसाठी मूळ कागदपत्रे दाखवावी लागतात, पण ती ठेवून घेण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये मनाई केली आहे. तपासणी झाली की ती तेथेच परत घ्या आणि महाविद्यालयाकडे साक्षांकित प्रती द्या.