घरची कॉफी 22 रुपयांची, मग बाकीचे पैसे कशाचे?

हिशेबाचं पान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मावशी, नमस्कार. मी 26 वर्षांची आहे, जळगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला आहे. हातात 24,000 पगार येतो. रोज सुटल्यावर कॅफेत एक कोल्ड कॉफी घेते, 130 रुपये आणि वर कर. मागच्या आठवड्यात आईने मोबाइलवरचे पैसे गेल्याचे मेसेज पाहिले आणि घरात रामायण झालं. "घरी दूध नाही का?" म्हणे. घरी करून पाहिली, पण ती पाणचट होते. आता 9,500 रुपयांचं कॉफी मशीन घ्यावं असं मनात आहे. पैसे वसूल होतील का? खरं सांगू, कॅफेत तासभर कुणी काही विचारत नाही, तेही मला हवं असतं.

उत्तर : बेटा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीपाशी थांबले. त्या ओळीकडे येतेच, आधी वही उघडू.

130 वर 5 टक्के कर म्हणजे 136 रुपये 50 पैसे. महिन्याचे 22 दिवस धरले तर 3,003 रुपये. तुझ्या पगाराचा आठवा हिस्सा. आई ओरडली ते आकडा बघून ओरडली, तिला दोष देऊ नकोस.

आता घरचा कप. परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन बसले आणि एकेक वस्तू मोजली. भाव भुसावळचे, माझ्या बिलावरचे. पिशवीचं गाईचं दूध 58 रुपये लिटर, 200 मिली लागलं, त्याचे 11 रुपये 60 पैसे. झटपट कॉफीची 50 ग्रॅमची बरणी 210 रुपयांना पडली होती. थंड दुधात चव उतरायला 3 ग्रॅम तरी टाकावी लागते, ते 12 रुपये 60 पैसे. साखर आठ आणे, मिक्सरची वीज आणि बर्फ मिळून आणखी आठ आणे. झाले 25 रुपये 20 पैसे. बघ, दुधापेक्षा पावडर महाग पडली! झटपट कॉफीचं हेच आहे. एक किलो पावडर बनवायला दोन किलोहून जास्त कच्च्या बिया लागतात. त्यांचा अर्क काढायचा, तो सुकवायचा, त्या सगळ्याचे पैसे आपण त्या इवल्याशा बरणीत भरतो.

म्हणून मी फिल्टरची कॉफी करते. नोकरीभर मी रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. क्वार्टरमध्ये शेजारी त्रिचीच्या एक मामी राहायच्या, त्यांनी शिकवलं. स्टीलचा दोन मजली डबा, वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं. साधारण 350 रुपयांना मिळतो. पावडर मी कुरियरने मागवते, 200 ग्रॅमची दोन पाकिटं 340 रुपयांची आणि वर 60 रुपये पाठवणावळ. म्हणजे ग्रॅमला बरोबर एक रुपया. कोल्ड कॉफीला 9 ग्रॅम लागते, 9 रुपये. दूध, साखर, बाकीचं धरून 21 रुपये 60 पैसे, आपण 22 म्हणू. गरम घेतलीस तर दूध आणि पावडर दोन्ही कमी लागतं, 15 रुपयांत भागतं.

म्हणजे कपामागे 114 रुपये वाचले. फिल्टर चौथ्या कपाला वसूल.

मशीनही 83 कपांत वसूल होईल, चार महिन्यांच्या आत. दुकानदार तुला हेच गणित दाखवेल आणि ते गणित खोटं नाही. पण तो तुलना कॅफेशी करतो. तू मशीनची तुलना फिल्टरशी कर. 350 चं भांडं जेवढे पैसे वाचवतं तेवढेच 9,500 चं यंत्र वाचवणार, मग वरचे 9,150 कशातून भरून निघणार? ते कधीच निघत नाहीत. शिवाय आपलं पाणी आठव. बोअरचं पाणी उकळून उकळून माझ्या किटलीच्या बुडाला पांढरा थर बसलाय, नखाने खरवडला तरी निघत नाही. तेच पाणी यंत्राच्या बारीक नळ्यांतून जाणार. आणि स्वस्तातली पुष्कळ यंत्रं वाफेच्या जोरावर चालतात. खऱ्या एस्प्रेसोला, म्हणजे दाबाने काढलेल्या घट्ट कॉफीला, साधारण 9 बार (दाबाचं माप) दाब लागतो, तो त्यांना येत नाही. बर्फ, साखर आणि पेलाभर दुधात तर तो फरक तुला कळणारही नाही. मशीन घेऊ नकोस.

पाणचट का होते तेही सांगते. तू गरम कॉफीत बर्फ टाकतेस, हो ना? बर्फ वितळतो आणि पाणीच पितेस. रात्री जेवणं झाली की फिल्टरच्या वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पावडर घाल आणि आतल्या दांडीच्या चकतीने अलगद दाब. जोरात दाबलीस तर थेंब उतरत नाहीत. पाणी उकळलं की गॅस बंद कर, बुडबुडे बसू दे, मग काठाकाठाने ओत आणि झाकण लाव. पहिला थेंब खालच्या भांड्यात टिक करून वाजतो, मग हळूहळू आवाज जाड होत जातो. सकाळी घट्ट काळं डिकॉक्शन तयार. ते काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवसापर्यंत चांगलं राहतं. थोडं बर्फाच्या साच्यात ओतून गोठव. संध्याकाळी आलीस की गार दूध, गार डिकॉक्शन आणि तेच कॉफीचे खडे. खडे वितळले तरी कॉफीच वितळते. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हाही माझी कॉफी पातळ होत नाही.

भोकं बुजली तर रिकामं वरचं भांडं चिमट्यात धरून तळ क्षणभर गॅसच्या आचेवर फिरव, अडकलेला चुरा जळून जातो. हीही मामींचीच युक्ती.

एक अट आहे. ही कॉफी तू स्वतः करायची. आईने करून हातात द्यायची नाही. घरचं स्वस्त पडतं त्यात बऱ्याचदा आईचे हात फुकट धरलेले असतात आणि असला हिशेब मी माझ्या पानावर मांडत नाही.

आता ती शेवटची ओळ. 22 रुपयांची कॉफी आणि 114 रुपयांचं बाकी काय? जागेचं भाडं, वाढणाऱ्या पोराचा पगार, एसीची वीज, पेला, स्ट्रॉ आणि साडेसहा रुपये कर. हॉटेलवाल्यांना हा 5 टक्के कर लागतो तेव्हा त्यांनी भाड्यावर किंवा यंत्रावर भरलेला कर त्यांना वजा मिळत नाही, तोही किमतीत येतो. थोडक्यात, तू खुर्ची विकत घेतेस. कामावरून सुटल्यापासून घरी पोचेपर्यंतचा एक तास, ज्यात भाजी चिरायची नाही, "कुठे होतीस" नाही, "स्थळ आलंय, फोटो दे" नाही.

हे वायफळ आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे पोरगा चौकात, पारावर, टपरीवर तासन्‌तास बसतो, त्याला कुणी पैसे मागत नाही. पोरीला एकटं बसायचं तर पैसे मोजावे लागतात. मलाही अशी जागा एकच होती, मामींचा ओटा. डिकॉक्शन उतरेपर्यंतची वीस मिनिटं. घरी सासूबाई विचारायच्या, "एवढा वेळ काय करत होतीस?" मी सांगायचे, "कॉफी उतरत नव्हती."

तर खुर्ची सोडू नकोस, पण रोज घेऊ नकोस. महिन्यात 9 दिवस कॅफे, ते 1,228 रुपये 50 पैसे. बाकीचे 13 दिवस घरी, 286 रुपये. एकूण 1,514.50. महिन्याला जवळजवळ दीड हजार हातात राहतील. ते पोस्टात आवर्ती ठेवीत टाक, तुझ्या नावाने. आणि आईला हा हिशेब कागदावर लिहून दाखव, त्यात "खुर्ची" असा रकाना पाडून. लपवलेस तर पुन्हा मोबाइलवर मेसेज येणारच आहे.

प्रश्न : कॉफी एवढी महाग का झाली? आणि पाकिटावर "चिकोरी" लिहिलेलं असतं ती भेसळ म्हणायची का? (धुळे)

उत्तर : भाऊ, आपल्या कापसाचा भाव जसा जगाच्या बाजारावर हलतो तसंच कॉफीचं. कॉफी सगळ्यात जास्त ब्राझीलमध्ये पिकते आणि रोबस्टा जातीत व्हिएतनाम पुढे. 2024 मध्ये दोन्हीकडे पावसाने दगा दिला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका या दुसऱ्या मुख्य जातीच्या कॉफीने पौंडाला, म्हणजे साधारण 450 ग्रॅमला, 4 डॉलर ओलांडले. आपल्याकडची बहुतेक कॉफी कर्नाटकातली, चिकमंगळूर-कोडगूकडची, पण तिथला बागायतदारही जगाचा भाव बघूनच माल देतो.

चिकोरी ही भेसळ नाही, मात्र ती पाकिटावर लिहिलेली असली पाहिजे. एका झाडाचं मूळ भाजून दळतात, गुजरातेत त्याची शेती होते. रंग आणि दाटपणा येतो, थोडा कडवटपणा येतो, कॅफीन त्यात नसतं. मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के हवी असा कायदा आहे. म्हणून पुढचं चित्र बघू नका, बारीक अक्षरांतली टक्केवारी वाचा. 80-20 आणि 53-47 ही दोन पाकिटं शेजारी ठेवलेली असतात. दुसऱ्याचा भाव कमी दिसतो, पण जवळजवळ निम्मं मूळच घेतो आपण. मला 80-20 आवडते. दुधात घट्ट कॉफी हवी असेल तर 70-30 घ्या, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : ताई, आम्ही रावेर तालुक्यात केळी करतो. मालक दिवसातून चार वेळा टपरीवर चहा घेतात. शेतातल्या सहा माणसांचा दोन वेळचा चहाही टपरीवरूनच येतो. थर्मास भरून देते म्हटलं तर ऐकत नाहीत. किती पैसे जातात हो?

उत्तर : ताई, टपरीचा अर्धा कप 10 रुपये. तोच मी घरी आलं घालून केला तर 5 रुपये पडतो. मालकांचे चार कप म्हणजे रोजचे 20 रुपये जास्त. त्यांच्या मागे लागू नका. केळीचा आजचा भाव काय, कुणाकडे गाडी लागली, कुणाचा माल परत फिरला, हे सगळं त्या बाकड्यावर कळतं. 20 रुपयांत ती बातमी महाग नाही.

मजुरांच्या चहाचं मात्र बघा. बारा कप, 120 रुपये. घरचा 60. रोज 60 रुपये वाचतात आणि महिन्यात 25 दिवस काम चाललं तर 1,500. पण तो चहा दोनदा उकळणार कोण, शेतात नेणार कोण आणि थर्मास धुणार कोण? तुम्हीच ना! म्हणून मालकांना असं सांगा : चहा मी करते, थर्मास तुम्ही न्यायचा, तुम्हीच आणायचा आणि वाचलेले 1,500 दर महिन्याला माझ्या बचत गटाच्या खात्यात. कबूल असेल तर उद्यापासून सुरू करा. नसेल कबूल तर टपरीचा चहा येऊ द्या, तो वेळ तुमचा तुमच्याजवळ राहू द्या.