कुंदा ‘स्वीटली’ लागत नाही

खानापूरच्या एका वाचकानं विचारलंय: लिंकिंग व्हर्ब म्हणजे काय, आणि ‘द कुंदा टेस्ट्स स्वीटली’ चूक का? (कुंदा म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई.)

‘इज, ॲम, आर म्हणजे हेल्पिंग व्हर्ब’ ही घोकंपट्टी आधी सोडा. ‘ही इज ईटिंग’मध्ये इज मदतनीस, ‘ही इज हंग्री’मध्ये तेच मुख्य क्रियापद आणि हंग्री हे विधानपूरक, म्हणजे कर्ता कसा आहे ते सांगणारा शब्द. कर्त्याला अशा शब्दाशी जोडणारं क्रियापद म्हणजे लिंकिंग व्हर्ब.

‘स्वीटली’चं खापर मराठीवर फुटतं. छान गातो, छान दिसतो. आपल्याला दोन्हीकडे ‘छान’ चालतं. इंग्रजीत गाण्याला ‘वेल’ आणि दिसण्याला ‘नाइस’. पण उताराही मराठीतच आहे. लुक म्हणजे दिसणे असेल तर लिंकिंग, बघणे असेल तर नाही. टेस्ट: लागणे की चाखणे? स्मेल: वास येणे की घेणे? फील: वाटणे की चाचपणे? दिसणे-लागणे-वाटणे आलं की पुढं विशेषण, म्हणून ‘टेस्ट्स स्वीट’. चाखणाऱ्याला ‘ली’ खुशाल लावा: ‘शी टेस्टेड द कुंदा केअरफुली’. ‘ग्रो’पाशी अडलात तर जागेवर आर किंवा वॉज घालून बघा. निपाणीचे शेतकरी ‘ग्रो टोबॅको’. तिथं ‘आर टोबॅको’ केलंत तर शेतकऱ्यांचाच तंबाखू होईल. ‘ही ग्रू ओल्ड’चं ‘ही वॉज ओल्ड’ मात्र निभतं.

आता गाइडवाले सांगतात, लिंकिंग व्हर्ब म्हणजे नुसता डिंक, त्याला स्वतःचा अर्थच नाही. साफ अमान्य! ‘बी’च्या रूपांत वेगवेगळे धातू कोंबलेत आणि त्यांचे भाऊबंद संस्कृतात बसलेत. इजचा अस्ति. बीचा भू, ज्यातून आपलं ‘होणे’ आलं. आणि वॉजचा? वस्! राहणे, मुक्काम करणे. रात्री गावात थांबणाऱ्या ‘वस्तीच्या गाडी’तली वस्ती ती हीच. ‘ही वॉज हंग्री’ म्हणजे गडी भुकेत वस्तीला होता. शेजारच्या कन्नडात ‘इरु’ म्हणजे राहा, थांब. त्याच धातूचं ‘इद्दाने’ म्हणजे (तो) आहे. इंग्रजी-कन्नडचं रक्ताचं नातं नाही, तरी वाट तीच. आपलं ‘उपाशी राहिला’ त्याच रांगेतलं. असणं म्हणजे मुळात कुठंतरी टेकणं, असं माझं ठाम मत. भू मुळात ‘वाढणे, होणे’ म्हणून आडवा येतो, येऊ दे.

आणि ते ‘धिस माय हाउस’ही थांबवा. ‘इदु नन्न मने’, ‘हे माझं घर’ इथं क्रियापदावाचून भागतं. इंग्रजीत ‘इज’ घालावंच लागतं.