चाऱ्याचा अहवाल हातात आला, पुढे काय?

चारा तपासून घेणाऱ्यांची पत्रे वाढली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. बहुतेकांची अडचण एकच दिसते : आकडे मिळाले, पण ते कशाचे हे कोणी समजावून सांगितले नाही. त्यातले काही प्रश्न आज घेते.

प्रश्न : माझ्या हिरव्या मक्यात प्रथिने १.७ टक्के आली, शेजाऱ्यांच्या कडब्यात ४.५ टक्के. म्हणजे कडबा जास्त सकस का?

नाही. अहवालात आधी ‘शुष्क पदार्थ’ म्हणजे ‘ड्राय मॅटर’चा रकाना शोधा. तुमच्या मक्यात तो १८ टक्के आहे, बाकीचे ८२ टक्के पाणी. १.७ ला १८ ने भागून शंभराने गुणा, ९.४ येतात. कडब्यात शुष्क पदार्थ साधारण ९० टक्के धरला तर त्याची प्रथिने ५ टक्केच भरतात. पाणी वजा करून पाहिले तर तुमचा मका जवळजवळ दुप्पट सरस आहे.

तुलना नेहमी अशी कोरड्या वजनावर करावी. गव्हाणीत टाकताना मात्र पुन्हा ओल्या वजनावर यावे लागते. या मक्यातून एक किलो प्रथिने मिळवायची तर ५९ किलो चारा लागेल, आणि तेवढा एका जनावराच्या पोटात एका दिवसात जाईलच असे नाही.

प्रश्न : नमुना किती आणि कसा काढावा? मी गंजीच्या वरच्या दोन पेंढ्या पाठवल्या होत्या.

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण चुकीचे अहवाल बहुतेक वेळा यंत्रामुळे नाही, तर नमुन्यामुळे चुकतात. तंतू तपासायला प्रयोगशाळा जेमतेम अर्धा ग्रॅम दळलेला चारा घेते. त्या अर्ध्या ग्रॅमने तुमच्या अख्ख्या गंजीची साक्ष द्यायची असते. वरच्या पेंढ्या ऊन-पावसात धुतलेल्या असतात, त्या आतल्या चाऱ्याबद्दल काहीच सांगत नाहीत.

एका शेतातली, एका कापणीची वैरण म्हणजे एक नमुना. दोन कापण्या एकत्र करू नका. गठ्ठे असतील तर वेगवेगळ्या पंधरा-वीस गठ्ठ्यांतून पोकळ नळीच्या गिरमिटाने आतला चारा काढा. हाताने ओढून काढलात तर लसूणघासाची पाने खाली गळतात आणि मुठीत नुसत्या काड्या येतात. पानात खोडाच्या दुप्पट-तिप्पट प्रथिने असतात, तेव्हा तिथेच निकाल फिरतो. उभा चारा असेल तर शेतात दहा-बारा ठिकाणी, नेहमी कापता त्याच उंचीवर कापून त्याची कुट्टी करा. ती पसरून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. उरलेले पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहा.

ओला नमुना हवाबंद पिशवीत, थंड ठेवून, त्याच दिवशी पाठवा. घरी उन्हात वाळवू नका. वाळेपर्यंत पेशी श्वसन करत राहतात आणि साखर जळते. प्रयोगशाळेत तंतूंसाठीचा नमुना ५५ ते ६० अंश सेल्सिअसला वाळवून एक मिलिमीटरच्या चाळणीतून दळतात. जास्त तापवला तर प्रथिने आणि साखर एकमेकांना चिकटून लिग्निनसारखा (लिग्निन म्हणजे चाऱ्यातला लाकडासारखा, न पचणारा भाग) पदार्थ तयार होतो आणि चारा आहे त्यापेक्षा निकृष्ट दिसतो.

प्रश्न : जुन्या अहवालात ‘क्रूड फायबर’ होते, आता एनडीएफ आणि एडीएफ लिहितात. फरक काय?

जुनी पद्धत जर्मनीतल्या वेंडे येथे १८६० च्या दशकात बसवली गेली. चारा आधी सौम्य आम्लात, मग सौम्य अल्कलीत उकळायचा. उरेल तो तंतू. गडबड अशी की अल्कलीत लिग्निनचा बराच भाग विरघळून जातो आणि हिशेबात तो पचणाऱ्या पिष्टमय पदार्थांत जमा होतो. सर्वांत न पचणारी गोष्ट सर्वांत पचणाऱ्या खात्यात! जून गवत त्यामुळे कागदावर बरे दिसायचे.

१९६० च्या दशकात अमेरिकेत पीटर व्हॅन सोएस्ट यांनी डिटर्जंट वापरून हे सोडवले. उदासीन डिटर्जंटात उकळले की पेशीच्या आतला साखर, प्रथिने, स्निग्ध पदार्थ असा ऐवज धुऊन जातो आणि पेशीची भिंत उरते. ती एनडीएफ. आम्लयुक्त डिटर्जंटात भिंतीतला हेमिसेल्युलोज हा घटकही निघून जातो, उरते ती एडीएफ : भिंतीतले सेल्युलोज आणि लिग्निन. पुढे ७२ टक्के सल्फ्युरिक आम्लात सेल्युलोज विरघळले की लिग्निन आणि थोडी राख राहते.

एनडीएफ सांगते पोट किती लवकर भरेल, एडीएफ सांगते खाल्लेले किती पचेल. एक ढोबळ सूत्र आहे : १२० ला एनडीएफने भागा, जनावर वजनाच्या किती टक्के शुष्क चारा खाईल ते कळते. एनडीएफ ५० असेल तर ४०० किलोची गाय ९.६ किलो खाईल. ६० असेल तर ८ किलो. हे सूत्र मुख्यतः लसूणघास आणि थंड हवेतल्या गवतांवर बेतलेले आहे, म्हणून ज्वारी, मका, नेपियरसाठी ते अंदाजापुरतेच वापरा. दिशा मात्र बरोबर आहे. चारा निसवून जून झाला की लिग्निन वाढते, आणि ते कोठीपोटातल्या, म्हणजे जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, जिवाणूंनाही फोडता येत नाही. खत बदलण्याआधी कापणीचा दिवस बदलून पाहा, असे मी आग्रहाने सांगते.

प्रश्न : वाळलेल्या गवतात प्रथिने चांगली आली, तरी दूध वाढले नाही. गवत तपकिरी आहे, पण जनावरे आवडीने खातात.

उत्तर त्या तपकिरी रंगात असावे. प्रयोगशाळेत सहसा प्रथिने थेट मोजत नाहीत. योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत दिलेल्या पद्धतीने नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. तो नायट्रोजन कुठून आला हे ही पद्धत विचारत नाही. शंभर ग्रॅम युरिया मिसळला तर अहवालात तो सुमारे २८७ ग्रॅम ‘प्रथिने’ म्हणून दिसतो.

तुमचे गवत ओलसर असताना रचले गेले असणार. गंजी आतून तापली की प्रथिने साखरेशी बांधली जातात. भाजल्यासारखा गोडसर वास येतो, जनावरे खातात, पण बांधलेली प्रथिने पचत नाहीत आणि शेणातून बाहेर पडतात. ‘एडीएफमध्ये अडकलेला नायट्रोजन’ वेगळा तपासून मागा. तो एकूण नायट्रोजनच्या १० टक्क्यांहून अधिक निघाला, तर उष्णतेने नुकसान झाले असे समजा.

प्रश्न : राख १६ टक्के आली. खनिजे भरपूर आहेत असे समजू का?

नको. गवतात राख साधारण ६ ते १० टक्के असते. त्यावरची बहुधा माती. कापणी थोडी उंचावरून करा.

प्रश्न : जनावराला न खाऊ घालता पचनीयता कशी कळते?

कोठीपोटच प्रयोगशाळेत आणून! टिली आणि टेरी यांची १९६३ ची पद्धत अशी : कोठीपोटाला कायमची खिडकी बसवलेल्या जनावरातून द्रव काढतात, कापडातून गाळतात, कृत्रिम लाळेसह चाऱ्यावर ओततात आणि हवा न लागू देता शरीराच्या उष्णतेला ४८ तास ठेवतात. मग आम्ल आणि पेप्सिन या पाचक द्रव्यात आणखी ४८ तास. उरलेले वजा केले की पचलेले कळते. अहवालातला टीडीएन (एकूण पचनीय पोषक द्रव्ये) मात्र बहुधा असा मोजलेला नसतो, एडीएफवरून सूत्राने काढलेला असतो. कोणत्या सूत्राने, हे जरूर विचारा.

प्रश्न : दोन मिनिटांत निकाल देणारे प्रकाशाचे यंत्र विश्वासार्ह आहे का?

प्रथिने आणि तंतूंसाठी हो, पण तुमच्या जातीचा चारा त्या यंत्राला आधी शिकवलेला असेल तरच. खनिजांसाठी त्यावर विसंबू नका.

प्रश्न : कोवळ्या ज्वारीचा पोषण अहवाल उत्तम आहे. घालायची का?

त्या अहवालावर नका घालू. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, होते ती हायड्रोसायनिक आम्लामुळे, आणि पोषणाच्या तपासणीत ते पाहिलेच जात नाही. शिवाय ते उडून जाते. नमुना वाळवला की त्यातले बरेचसे गेलेले असते. त्यासाठी ताजा नमुना, घट्ट बंद, बर्फावर, वेगळी चिठ्ठी लावून पाठवा. पाण्याच्या ताणाने खुरटलेली ज्वारी आणि खोडव्याचे कोवळे फुटवे यांना विशेष जपा, फुलोऱ्यापर्यंत थांबा. नायट्रेट या दुसऱ्या विषारी घटकाचे उलट आहे : ते खोडाच्या बुडाशी साठते आणि चारा वाळवला तरी जसेच्या तसे राहते. ताणातून आलेल्या चाऱ्यात दोन्ही तपासा.