स्टेम मागवण्याआधी सीटकडे बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोन महिन्यांपूर्वी पहिली रोड बाइक घेतली, ५४ मापाची फ्रेम. तीसेक किलोमीटरनंतर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मान धरते, गुडघा पुढून दुखतो आणि पुण्याजवळचा बापदेव घाट उतरताना हँडल थरथरतं. हँडल लांब पडतंय असं वाटून तुम्ही सीट खाली घेतली, रेल्सवर (सीटखालच्या दांड्यांवर) पूर्ण पुढे सरकवली, सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, खाली झुकवलं, आणि आता १०० मिमीचा स्टेम (हँडलला सायकलच्या पुढच्या भागाशी जोडणारा तुकडा) काढून ६० मिमीचा बसवायचा म्हणताय. पायाची आतली लांबी ७९ सेंमी आणि सीटची उंची ६६ सेंमी, ही मापं दिलीत ते फार बरं केलंत, कारण दुखण्याचं मूळ त्यातच दिसतंय. स्टेम तूर्त मागवू नका.

मी स्वतः याच वाटेने गेलोय. ३०० किमीच्या बीआरएमला (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला) वीस तासांची मुदत असते. त्या राइडआधी एका दुकानात मला सांगितलं गेलं की हात दुखतात म्हणजे सीट पुढे घ्या. घेतली. राइड मुदतीत पूर्ण झाली, पण पुढचे तीन आठवडे उजव्या हाताने शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने, मनगटाच्या जरा पुढून अल्नर नर्व्ह जाते. तासन्‌तास तिच्यावर अंगाचा भार पडला की हीच दोन बोटं बधिर होतात. म्हणून तुमची ही तक्रार मला किरकोळ वाटत नाही.

सीट पुढे घेतल्यावर हातावर भार का वाढतो, हे घरातच बघा. टाचा भिंतीला टेकवून उभे राहा आणि कमरेतून पुढे वाका. तोल जाईल, कारण बूड मागे जायला जागाच नाही. आता भिंतीपासून हातभर पुढे या आणि पुन्हा वाका. बूड आपोआप मागे गेलं, धड पुढे आलं, आणि हात मोकळे राहिले. सायकलवरही हेच घडतं. बैठक पायांच्या पुरेशी मागे असेल तर पुढे झुकलेलं धड पाय आणि कंबर तोलून धरतात. सीट पुढे आली की ते काम हातांवर येतं. त्यात नाक खाली झुकलेलं असलं तर तुम्ही दर मिनिटाला पुढे घसरणार आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहणार. खांदे कानांपाशी चढतात, मान धरते ती तिथूनच.

आधी उंची. ग्रेग लेमाँड (१९८६, १९८९ आणि १९९० ची टूर द फ्रान्स जिंकणारा) याच्या नावाने एक सूत्र चालतं: पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३. हे अंतर क्रँक (पेडलचा दांडा) ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून सीटट्यूबच्या (सीटखालच्या फ्रेमच्या नळीच्या) रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत मोजायचं. तुमचे ७९ म्हणजे साधारण ६९.८ सेंमी. तुम्ही जवळजवळ चार सेंमी खाली बसताय! पेडल वर येतं तेव्हा गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि वाटीच्या मागे दाब पडतो, म्हणून दुखणं पुढून आहे. (सीट फार वर असती तर सहसा गुडघ्यामागची शीर ताणली असती.) सूत्राचा आकडा हा मुक्काम नाही, आसपास पोचायची खूण आहे. खात्री टाचेने करा: सायकल दाराच्या चौकटीशी लावा, क्रँक सीटट्यूबच्या रेषेत खाली आणा, टाच पेडलवर ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलायला नको. चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तो बाक उरतो.

मात्र एका दिवसात चार सेंमी वर जाऊ नका. पाच-पाच मिमी, आणि प्रत्येक बदलानंतर दोन राइड्स. सीटपोस्टवर इलेक्ट्रिकची काळी पट्टी गुंडाळून जुनी जागा खुणेला ठेवा, आणि पोस्टवरची कमाल उंचीची रेघ फ्रेमबाहेर येऊ देऊ नका. सीट खाली ठेवण्यामागे सिग्नलला दोन्ही पाय टेकावेत हा हेतू असेल, तर ती सवय मोडावी लागेल. थांबताना बूड सीटवरून उचलून पुढे, टॉपट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवर) यायचं आणि एकच पाय टेकायचा. रिकाम्या मैदानात वीस वेळा केलं की अंगवळणी पडतं.

उंची वाढवताना आणखी एक गोष्ट आपोआप घडते, ती लक्षात असू द्या. सीटट्यूब साधारण ७३ अंशात मागे कललेली असते, त्यामुळे ३८ मिमी वर गेलात की सीट सुमारे ११ मिमी मागेही जाते. म्हणून रेल्स आता मधोमध आणून सोडा, आणखी मागे ओढू नका. सीट सपाट करा: वर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवून त्यावर पाणसळ धरली की लगेच कळतं. उंची ठरली की ओळंबा लावा. मी शिवणाच्या दोऱ्याला एक नट बांधतो. क्रँक आडवा ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरा सोडला की नट पेडलच्या आसाजवळ यावा. हाही फक्त सुरुवातीचा अंदाज. खरी परीक्षा रिकाम्या सपाट रस्त्यावर: हात हूड्सवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर), जरा जोर लावून पेडल मारताना तळहात क्षणभर फक्त हलके करा. धड पुढे कोसळलं नाही तर सीट जागेवर आहे.

आता हँडल. स्टेमच्या वर स्पेसर (रिंगा) दिसत असतील तर तेच आधी स्टेमच्या खाली घ्या, म्हणजे हँडल वर येईल. २० मिमी वर गेलं की हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) कलामुळे हँडल सहाएक मिमी जवळही येतं. वरच्या टोपीचा बोल्ट हेडसेटमधला (हँडल ज्यांवर फिरतं त्या बेअरिंगांमधला) खेळ काढण्यासाठी असतो, पकड स्टेमच्या बाजूच्या बोल्टांची. त्यामुळे परत बसवताना आधी टोपीचा बोल्ट, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवत, खटखट जाईपर्यंतच आवळा. मग हँडल सरळ करून बाजूचे बोल्ट, स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतकेच. बहुतेक ठिकाणी तो ५ न्यूटन-मीटर असतो. फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) नळी कार्बनची असेल तर टॉर्क रेंचशिवाय हात लावू नका.

घाटातली थरथर मला मुख्यतः ताठ कोपरांची वाटते. भार हातांवर, कोपरं सरळ, मग रस्त्याचा प्रत्येक हिसका थेट हँडलमध्ये जातो. सीट नीट झाली की कोपरं वाकवता येतील. उतारावर हात ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खाली वळलेल्या भागात) ठेवा, तिथून ब्रेकला जोर मिळतो आणि अंग खाली येतं. तिथे बोटं लिव्हरपर्यंत पोचत नसतील तर बऱ्याच लिव्हर्समध्ये ते अंतर कमी करायचा छोटा स्क्रू असतो. आणि टायरमध्ये ११० पीएसआय भरताय ते कमी करा. तुमचं वजन ६८ किलो, टायर २८ मिमी: मागे ७५ ते ८०, पुढे ७० पुरेत.

इतकं करून महिनाभर चालवल्यावरही हँडल लांबच वाटलं, तर स्टेम बदला, पण ९० किंवा फार तर ८०. साठवर गेलात तर पुढच्या चाकावरचा भार आणखी कमी होईल आणि हँडल जरा हललं तरी चाक वळेल, म्हणजे उतारावर आज जी भीती वाटते तीच वाढेल. सायकल चालवत नसतानाही बोटं बधिर राहत असतील तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना हात दाखवा. माझ्याकडे ३१.८ मिमी जाडीच्या हँडलला बसणारे ८० आणि ९० असे दोन्ही स्टेम पडून आहेत. पुण्यातच आहात तर विकत घेण्याआधी महिनाभर नेऊन लावून बघा.