सच्छिद्र डांबरामुळे गाड्यांचा आवाज खरंच कमी होतो का?

होतो. नेदरलँड्समध्ये छिद्रांचं डांबर टाकून हायवेचा आवाज कमी करतात हे खरं का, आणि आपल्याकडे बायपासलगतच्या सोसायट्यांना त्याचा उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी इथे नेदरलँड्समध्ये रस्त्यांच्याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथल्या बहुतेक हायवेंवर वरचा थर याच डांबराचा आहे. त्याला 'झोआब' म्हणतात. तपासणीसाठी रस्त्यातून कापून काढलेला गोल तुकडा हातात घेतला की मला कुरमुऱ्यांचा लाडू आठवतो. खडीला खडी जेमतेम चिकटलेली आणि मधे पोकळ्याच पोकळ्या, थराच्या २० टक्के किंवा जास्तच. वरून तांब्याभर पाणी ओतलं की खालून धार लागते.

गाडी ताशी ५० किलोमीटरच्या आसपास गेली की इंजिनापेक्षा टायरचा आवाज मोठा होतो. टायरच्या खाचांत हवा दाबली जाते आणि फस्सकन सुटते. खाली पोकळ्या असल्या की ती दबण्याआधीच निसटते, शिवाय उरलेला आवाजही थोडा आत जिरतो. एका थराने साधारण ३ डेसिबल कमी होतात. वर बारीक आणि खाली जाड खडी असे दोन थर दिले तर ५-६. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या काढल्या तर आवाज जेवढा उतरेल, तेवढे ते ३ डेसिबल. पावसात पुढच्या ट्रकमागे पाण्याचे फवारे फारसे उडत नाहीत, हा फायदा मला आवाजाइतकाच मोलाचा वाटतो.

पण सगळी भिस्त पोकळ्या मोकळ्या राहण्यावर. पावसात वेगाने धावणारे टायर आतली घाण ओढून काढतात. कडेच्या आपत्कालीन पट्टीवर गाड्या धावत नाहीत, म्हणून ती बुजते आणि जोराचं पाणी मारून, गाळ खेचून साफ करावी लागते. खडीही लवकर सुटते, त्यामुळे हा थर साध्या डांबरापेक्षा आधी बदलावा लागतो. हिवाळ्यात मीठही जास्त लागतं.

चौकात गाड्या २०-३० च्या वेगाने रांगतात आणि हॉर्न वाजत असतात, तिथे याचा काही उपयोग नाही. चिखलाची चाकं घेऊन डंपर चढतात तिथेही नाही. वेगवान बायपासवर, दोन्ही कडा पक्क्या असतील तर मात्र जरूर मागणी करा. फक्त टेंडरमध्ये सफाईचं यंत्र आणि वेळापत्रक लिहिलेलं आहे का, ते आधी बघा.