भात बंद केल्यावर क्रिएटिन घेतलं तर उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: देवगडकडे राहता, जिम सुरू केली आहे, वजन उतरवायला भात, भाकरी आणि साखर बंद केली आहे, मासे-अंडी-खोबऱ्यावर चाललं आहे. जिममधले सर म्हणतात क्रिएटिन (स्नायूंत साठणारा, झटपट जोराला कामी येणारा पदार्थ, पावडर म्हणून मिळतो) घ्या, पण ग्लुकोजच्या पाण्यातूनच घ्या, नाहीतर पैसे फुकट. आई म्हणते, ‘त्या पावडरीन किडनी जातली.’ आणि घेतल्यावर काट्यावर वजन वाढलं तर आजवरची मेहनत पाण्यात, ही तुमची स्वतःची धास्ती.

मूत्रपिंडाचा काही त्रास नसेल तर घ्या. उपयोग होतो आणि त्यासाठी ग्लुकोज लागत नाही. त्याऐवजी मिठाकडे लक्ष द्या, आणि रक्त तपासायला जाल तेव्हा ‘मी क्रिएटिन घेतो’ हे न विसरता सांगा. मी सिंधुदुर्गात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. साखर बॉर्डरवर आल्यापासून मीही कमी कार्बवर आहे, वजनं उचलते आणि क्रिएटिन घेते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल शेवटी जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

आधी ग्लुकोजचं बघू. तुमचे सर मनाचं सांगत नाहीत, त्यामागे खरा प्रयोग आहे. १९९६ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी काही जणांना ५ ग्रॅम क्रिएटिन आणि त्यावर सुमारे ९३ ग्रॅम साखरेचं पेय, असं दिवसातून चार वेळा दिलं. नुसतं क्रिएटिन घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्या स्नायूंत सुमारे ६० टक्के जास्त क्रिएटिन साठलं. साखरेने इन्सुलिन वाढतं आणि इन्सुलिनमुळे स्नायू क्रिएटिन जास्त ओढून घेतात. इथवर सर बरोबर आहेत. पण हिशोब करा: ९३ चोक ३७२ ग्रॅम साखर, रोज! ज्याने पेजसुद्धा सोडली आहे त्याने हे का करायचं?

त्याच वर्षी दुसरा एक अभ्यास आला, त्याबद्दल जिममध्ये कुणी बोलत नाही. रोज २० ग्रॅम असं सहा दिवस घेतलं तर स्नायूंत जेवढं क्रिएटिन जमतं, जवळपास तेवढंच रोज फक्त ३ ग्रॅम घेऊन चार आठवड्यांत जमतं. कारण स्नायूंची साठवण्याची हद्द ठरलेली आहे. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं, बाहेरून घेतलं तर ते जास्तीत जास्त १६०च्या आसपास जातं, त्यावरचं लघवीवाटे निघून जातं. रांजण कळशीने भरा नाहीतर तांब्याने, काठाच्या वर पाणी राहत नाही. साखर म्हणजे नुसती घाई. तुमची कुठली स्पर्धा पुढच्या आठवड्यात नसेल तर त्या घाईची गरज नाही.

म्हणून रोज ३ ते ५ ग्रॅम, एकदाच, जेवणाबरोबर घ्या. लोडिंग, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस रोज २० ग्रॅम, करू नका. व्यायाम नसेल त्या दिवशीही घ्या. व्यायामाआधी की नंतर यावर मुलं तासन्‌तास वाद घालतात, मला त्यात जीव वाटत नाही. रोज न चुकता घेणं महत्त्वाचं. जेवणात मासे-अंडी असतील तर चांगलंच, कारण प्रथिनांमुळेही थोडं इन्सुलिन वर येतं.

‘आम्ही तर रोज मासे खातो, वरून पावडर कशाला?’ हा प्रश्न आपल्या भागात हमखास येतो आणि तो रास्त आहे. क्रिएटिन सापडलं तेच मुळी मांसात, १८३२ साली, शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला. माशात किलोमागे साधारण ३ ते ५ ग्रॅम असतं, जातीप्रमाणे कमीजास्त. पण हे काटे-डोकं सोडून निव्वळ मांसाचं वजन. दोन मध्यम बांगडे खाल्लेत तर हाती अर्धा-पाऊण ग्रॅम लागेल, त्यातलंही थोडं शिजवताना जातं. थोडं रश्श्यात उतरतं, ते आपण ओरपतोच, तेवढी जमेची बाजू. ३ ग्रॅम नुसत्या माशांतून मिळवायचं तर रोज पाऊण ते एक किलो मांस खावं लागेल, आणि सुरमईचा भाव तुम्हाला मी सांगायला नको.

शिवाय आपल्या ताटात जे येतं ते सगळंच मासे नसतं. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, कालवं, माकुल या प्राण्यांच्या स्नायूंत क्रिएटिन जवळजवळ नसतंच. पाठीचा कणा असलेले प्राणी झटपट ताकदीसाठी फॉस्फोक्रिएटिन साठवतात, हे बिनकण्याचे प्राणी त्याच कामाला आर्जिनिन फॉस्फेट वापरतात. त्यामुळे आठवडाभर कोळंबीचं कालवण आणि तिसऱ्यांचं सुकं खाऊन प्रथिनं भरपूर मिळतील, क्रिएटिन नाही. मला हे कळलं तेव्हा बाजारातल्या टोपल्यांकडे मी वेगळ्याच नजरेने बघायला लागले. त्यात सोमवार, संकष्टी आणि श्रावण धरा. जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा ताजा मासा तसाही कमी. या दिवसांत तुमचं शरीर स्वतः बनवतं तेवढ्याच क्रिएटिनवर, म्हणजे दिवसाला सुमारे एका ग्रॅमवर, चालत असतं. शाकाहारी माणसांच्या स्नायूंतला साठा मुळात कमी असतो आणि पावडरीचा फरक त्यांना जास्त जाणवतो. घरात कुणी माळकरी असून व्यायाम करत असेल तर त्यांनाही हे सांगा.

आता मीठ. भात सोडलेल्या माणसांची खरी अडचण मला इथे दिसते, आणि खापर फुटतं क्रिएटिनवर.

कार्ब कमी केले की इन्सुलिन उतरतं. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं जास्त मीठ आणि त्याबरोबर पाणी बाहेर टाकतात. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत सारखं लघवीला जावं लागलं असेल, ते यामुळे. दुसरीकडे आपली हवा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या जिममध्ये पंख्याखाली उभं राहिलं तरी घाम वाळत नाही, बनियन पिळून काढावी लागते. मीठ तिथूनही जातं. तिसरी गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही: पेजेत घातलेलं मीठ, तिच्यासोबतचं लोणचं, खारातली मिरची, पापड, भातावरची आमटी, हे सगळं भाताच्या मागोमाग ताटातून गेलेलं असतं. मग पोटऱ्यांत गोळे येतात, उठताना चक्कर येते, डोकं धरतं. नेमकं तेव्हाच क्रिएटिन सुरू केलेलं असतं आणि माणूस डबा उचलून कपाटावर टाकतो.

क्रिएटिनने गोळे येतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल खेळाडूंवर लक्ष ठेवलं तेव्हा घेणाऱ्यांना गोळे उलट कमीच आले. आणि क्रिएटिन पेशीत शिरतं तेच मुळी सोडियम आणि क्लोराइडच्या जोडीने. ही दोन्ही म्हणजे आपलं साधं मीठ.

तर ब्लडप्रेशर किंवा हृदयाचा त्रास नसेल तर दिवसभरात मिळून अर्धा लहान चमचा जादा मीठ पोटात जाऊ द्या. सोलकढी नीट खारट करा, माशाच्या रश्श्यात हात आखडू नका, व्यायामाआधी मीठ घातलेलं कोकमाचं पाणी प्या, साखरेशिवाय. कोकमाचं बाटलीबंद सरबत नको, ते साखरेच्या पाकातलं असतं. आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा रस, वापरा. शहाळ्याचं पाणीही चालेल, पण त्यात साखर असते आणि सोडियम फारसं नसतं, ते पोटॅशियमसाठी ठीक.

वजनाची धास्ती आता सोपी जाईल. तुम्ही भात सोडला तेव्हा पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरलं ते बरंचसं पाणी होतं. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो, ग्लायकोजन, आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा संपला, पाणी गेलं. क्रिएटिन उलट करतं, स्नायूंच्या पेशीत पाणी ओढून घेतं. लोडिंग केलं तर आठवड्यात एक-दोन किलो वाढू शकतात. रोज ३ ग्रॅम घेतलं तर ही वाढ हळू होते, कित्येकांच्या लक्षातही येत नाही. ती चरबी नाही. क्रिएटिनमध्ये कार्ब शून्य असतात, कीटोसिस, म्हणजे साखरेऐवजी चरबीवर चालण्याची शरीराची स्थिती, त्याने मोडत नाही. महिनाभर काट्याऐवजी कमरेला टेप लावा.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. क्रिएटिन कामी येतं ते पहिल्या दहाएक सेकंदांच्या जोरात: जड डेडलिफ्टचे चार-पाच रेप्स, छोटी धाव, उडी. या जोराला साखर लागत नाही, म्हणून भात सोडलेल्यालाही त्याचा फायदा मिळतो. पंधरा-वीस रेप्सचे लांब सेट मारताना अंगात दम उरत नसेल तर ते ग्लायकोजन कमी असल्यामुळे, आणि ती उणीव क्रिएटिन पुरती भरून काढणार नाही. किनाऱ्यावर पाच किलोमीटर धावायलाही ते उपयोगाचं नाही. चरबी तर ते जाळतच नाही.

आईंच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करू नका. ही भीती कुठून येते ते मला लॅबच्या काउंटरवर दिसतं. चांगला धडधाकट मुलगा, दंड शर्टात मावत नाहीत, कंपनीच्या मेडिकलसाठी रक्त देऊन जातो. संध्याकाळी रिपोर्ट हातात येतो, त्यात क्रिएटिनिन १.४, ठळक अक्षरात, शेजारी वर जाणारा बाण. खाली ईजीएफआरचा, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्या अंदाजाचा, आकडाही उतरलेला. तो तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर शोधतो आणि घाबरतो. मी विचारते, ‘पावडर कुठली घेता?’ तेव्हा क्रिएटिनचं नाव निघतं. सॅम्पल देताना कुणी सांगितलेलं नसतं.

क्रिएटिन वेगळं, क्रिएटिनिन वेगळं. अंगातलं क्रिएटिन रोज थोडं झिजतं, साधारण २ ग्रॅम, त्याचं क्रिएटिनिन होतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. मूत्रपिंड थकलं की ते रक्तात साचतं, म्हणून आम्ही ते मोजतो. पण साठाच मोठा असेल तर झीजही मोठी, आणि मूत्रपिंड ठणठणीत असतानाही आकडा थोडा वर दिसतो. स्नायू जास्त असले तरी तेच, आदल्या रात्री मटण-मासे दाबून खाल्ले तरी तेच. ईजीएफआर याच आकड्यावरून काढतात, त्यामुळे तोही फसवतो. निरोगी माणसांत नेहमीच्या मात्रेने मूत्रपिंड बिघडतं असं इतक्या वर्षांच्या अभ्यासांत दिसलेलं नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की पावडर आणायच्या आधी एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढे कधी आकडा वर आला तर तुलनेला काहीतरी हाती असेल. तेव्हा डॉक्टरांना सिस्टॅटिन सी या तपासणीबद्दल विचारा, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. आकडा वाढला की ‘पावडरीमुळेच असेल’ म्हणून सोडून देऊ नका, खरा आजारही असाच दिसतो. रक्त द्यायच्या आदल्या दिवशी जड व्यायाम टाळा. आणि आईंना पहिला रिपोर्ट दाखवा, तोंडी समजावण्यापेक्षा त्यांना तो पटेल.

मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, एकच मूत्रपिंड असेल, मधुमेहाने लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा दुखण्याच्या गोळ्या रोजच्या असतील, तर स्वतःच्या मनाने क्रिएटिन सुरू करू नका. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणाऱ्या गोळ्या चालू असतील तर क्रिएटिन राहू दे बाजूला, भात सोडण्याआधीच डॉक्टरांना भेटायला हवं. या गोळ्या आणि कमी कार्ब एकत्र आले की रक्तातली साखर फार न वाढताही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचणं, होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यांचेही डोस आधी बदलावे लागतात.

पावडर घेताना साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या, बिनचवीचं. फळांच्या चवीच्या डब्यांत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज घातलेलं असू शकतं, म्हणजे मागच्या दाराने साखर आलीच. मागचं लेबल वाचा, एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक बघा. महागड्या नव्या प्रकारांनी जास्त फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही.

पावसाळ्यात डब्यात गुठळ्या होतील, आपल्याकडे मिठाच्याही होतात. कोरड्या गुठळ्या फोडून वापरायला हरकत नाही, ओला चमचा मात्र आत घालू नका आणि झाकण घट्ट लावा. गार पाण्यात ते नीट विरघळत नाही, कोमट पाणी घ्या, तळाला राहिलेलं पुन्हा ढवळून प्या. कोकमाच्या पाण्यात घातलंत तर लगेच संपवा. आंबट पाण्यात क्रिएटिन हळूहळू क्रिएटिनिनमध्ये बदलतं, दोन-तीन दिवस राहिलेल्या बाटलीतलं काही वाया गेलेलं असतं.

तुम्हाला कुठली गोळी चालू आहे का आणि आधीचा एखादा रिपोर्ट आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. खाली लिहिलंत तर बघून सांगते.